दत्तक लेकराचं भाषण

नवं निळं दप्तर टेबलावर ठेवलेलं होतं. टेबलाच्या मागे बापूसाहेब बसले होते. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या हळदीच्या रानाचे मालक. सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदन झालं होतं. मी चौथीत. मोठ्या गुरुजींनी माईक माझ्या तोंडासमोर धरला होता. मी म्हणाले:

‘‘माझे वडील दारू पितात. माझी आई आम्हाला टाकून कामाला जाते. आमच्या घरात स्वच्छता नाही, संस्कार नाहीत. बापूसाहेबांनी मला दत्तक घेतलं नसतं तर मी उकिरड्यावर वाढले असते. बापूसाहेबच माझी आई आणि बापूसाहेबच माझे वडील.’’

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी ठरल्याप्रमाणे खाली वाकले, पायांना हात लावायला. बापूसाहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ‘‘असू दे, असू दे. लांबूनच.’’ दप्तर त्यांनी माझ्या हातात द्यायचं होतं. त्यांनी ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. फोटोवाल्याने सांगितलं म्हणून मी ते परत टेबलावर ठेवलं आणि त्यांनी परत सरकवलं.

‘दत्तक’ म्हणजे काही कागदावरचं दत्तक नव्हे. बौद्धवाड्यातलं किंवा अशाच एखाद्या घरातलं एक लेकरू दरवर्षी निवडायचं. त्याला दप्तर, वह्या, एक ड्रेस द्यायचा. आणि त्या लेकराने सगळ्या गावासमोर भाषण करायचं. भाषण मोठे गुरुजी लिहायचे. ते लेकराकडून पाठ करून घेताना कुठे थांबायचं हेही सांगायचे. मला म्हणाले होते, ‘‘आई म्हटलं की थांब. मान खाली घाल. जरा वेळ जाऊ दे. मग पुढचं म्हण. आणि घरी म्हणून दाखवायचं न्हाई, पहिल्यांदा सगळ्यांनी इथंच ऐकावं.’’ मी घरी म्हणून दाखवलं नाही. मला वाटलं, घरच्यांना अचानक आनंद होईल.

माय तारेच्या कुंपणाबाहेर उभी होती. हळदीची काढणी सुरू झालेली. ती रानातून तशीच आली होती, मुकादमाच्या हातापाया पडून. ओल्या हळदीचे गड्डे मोडून मोडून तिचे हात मनगटापर्यंत पिवळे झालेले. बरोबरच्या बायांना तिनेच बोलावून आणलं होतं. माही पोरगी माईकमधून बोलणार हाये, चला. त्या बाया माझं भाषण संपल्यावर माझ्याकडे बघत नव्हत्या. तिच्याकडे बघत होत्या.

घरी जाताना दप्तर तिने घेतलं. घराजवळ आल्यावर म्हणाली, ‘‘आवाज चांगला हाये तुहा.’’

एवढंच. त्यानंतर तीस वर्षांत तिने त्या भाषणाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

आता खरं काय होतं तेही सांगते. बा दारू प्यायचा. मायला मारायचा. चुलीतलं लाकूड उचलून मारलेलं मी पाहिलंय. तिच्या कपाळावरची जखम तिने हळद दाबून बंद केली होती. मी आणि माझा धाकटा भाऊ कोपऱ्यात एकमेकांची तोंडं दाबून बसायचो. भाषणातलं पहिलं वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर ते माझ्या गळ्यात इतकी वर्षं अडकून राहिलं. साफ खोटं असतं तर केव्हाच थुंकून टाकलं असतं.

पण त्या वाक्याला एक मागची बाजू होती, आणि ती मला माहीत होती.

हळद काढली की शिजवायची असते. आता बॉयलर आलेत. तेव्हा मोठाल्या लोखंडी कढया होत्या, खाली भट्टी, भट्टीत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ. बा बापूसाहेबांच्या भट्टीवर जाळ घालायचा. जाळ कमी झाला की हळद कच्ची राहते, भाव पडतो. म्हणून भट्टीवरच्या माणसाने हलायचं नाही. दिवस मावळताना मी त्याची भाकर घेऊन जायची. अशीच एकदा गेले तर बापूसाहेबांची जीप आलेली. ते खाली उतरले नाहीत. खिडकीतून त्यांनी बाटली बाहेर काढली.

‘‘घे. धुरानं घसा सुकला असंल. जाळ कमी होऊ देऊ नको.’’

बाने दोन्ही हातांनी घेतली. पुढाऱ्याकडून हार घ्यावा तशी. तो हसत होता. त्या हंगामात बाटली जवळपास रोज आली. हंगाम संपला आणि बाटली यायची बंद झाली. तोवर बाला तिची गरज लागली होती. मग तो ती स्वतः शोधायला लागला.

हे मी पाहिलं होतं. भाषण पाठ करतानाही मला हे आठवत होतं. लहान होते, पण आंधळी नव्हते. तरी मी माईकसमोर म्हणाले, माझे वडील दारू पितात. आणि ज्यांनी बाटली दिली ते समोर बसून मान हलवत होते.

भाषण चांगलं झालं म्हणून नवं लेकरू न निवडता पुढची चार वर्षंही मलाच उभं केलं. तालुक्याच्या स्पर्धेलाही नेलं. कळमनुरीला बक्षीस मिळालं. मी आठवीत असताना बा गेला. पोट फुगून, पिवळा पडून गेला. त्या सव्वीस जानेवारीला मोठ्या गुरुजींनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, या वेळी सोडतील. ते म्हणाले, ‘‘पहिलं वाक्य बदलावं लागंल. आता ‘माझे वडील दारू पिऊन मेले’ असं म्हण.’’

मी तसं म्हणाले. त्या वर्षी टाळ्या जास्त होत्या.

मी शिकले. डी.एड. झाले. नोकरी बापूसाहेबांच्याच शाळेत लागली. लोक म्हणाले, उपकाराची फेड झाली. आज मी आणि माय आखाडा बाळापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. सकाळी जीपने शाळेला जाते, संध्याकाळी परत येते. शाळेत दरवर्षी नवं दत्तक लेकरू उभं राहतं, तेच भाषण करतं. मी शिक्षकांच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत आले.

पण एक गोष्ट माझ्यातून गेली नाही. ‘आई’ हा शब्द तोंडातून निघाला की मी थांबते. आपोआप. मान खाली जाते. वर्गात कविता शिकवताना, फोनवर बोलताना, दवाखान्यात केसपेपर काढताना. ‘आईचं नाव?’ असं त्या बाईने विचारलं आणि मी खाली बघत गप्प राहिले. तिला वाटलं, आई वारली असेल. ती म्हणाली, ‘‘सॉरी मॅडम.’’ माय माझ्या शेजारच्या बाकड्यावर बसलेली होती.

माझ्याच लहानपणचा आवाज मला ऐकू येतो. लाउडस्पीकरमधून येतो तसा, जरा किरटा. भाकरी थापताना येतो. जीपच्या मागच्या सीटवर बसलं की येतो. माझे वडील. माझी आई. आमच्या घरात. भूत वगैरे मी मानत नाही. पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

यंदा बापूसाहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. मोठा कार्यक्रम ठरला. आमदार येणार, जेवणावळी होणार. आताचे मुख्याध्यापक तरुण आहेत, मॅडम मॅडम करून बोलतात. त्यांनी मला बोलावलं. ‘‘मॅडम, यंदाचं भाषण तुमीच लिवा. तुमच्याइतकं कुणाला जमणार? जुनंच घ्या, जरा नवं करा. पोरगी निवडली हाये. मुस्कान.’’

मुस्कान चौथीतली. राहायला शाळेच्याच गावात, पण तिचे वडील बाळापूरच्या बाजारपेठेत गाद्या-रजया भरतात. कापूस पिंजायची मशीन आहे, छोटं दुकान आहे. आईही दुकानात शिवायला बसते.

मी भाषण लिहिलं. एका बैठकीत लिहिलं. हे मला लपवायचं नाही, कारण लपवलं तर पुढच्या सगळ्याला अर्थ नाही. मी तेच लिहिलं, आणि मोठ्या गुरुजींपेक्षा चांगलं लिहिलं.

मधल्या सुट्टीत मुस्कानला समोर उभं करून वाचून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली,

‘‘मॅडम, अब्बा तो पीते नइ. फिर भी बोलना?’’

मी म्हणाले, ‘‘म्हणायचं. भाषणात असंच असतं.’’

‘‘और अम्मी मेरे को टाकून नइ जाती. दुकान में साथ लेके जाती.’’ तिने वेणी पुढे घेऊन मला दाखवली. घट्ट घातलेली, लाल रिबीन. ‘‘ये बी अम्मीच डालती, रोज.’’

मी तिच्या वेणीकडे बघितलं नाही. म्हणाले, ‘‘आई म्हटलं की थांब. मान खाली घाल. जरा वेळ जाऊ दे. मग पुढचं म्हण.’’

तिने एकदाच ऐकलं आणि बरोबर तसंच केलं. ‘आई’ म्हणाली, थांबली, मान खाली गेली. लाल रिबिनीसकट. मी त्या खाली गेलेल्या डोक्याकडे बघत राहिले. ते डोकं मी ओळखत होते. हे लेकरू आता घरी जाईल, मोठं होईल, आणि कधीतरी दवाखान्यात आईचं नाव विचारल्यावर गप्प बसेल. आणि हे तिला मी शिकवलं. बापूसाहेबांनी नाही, मोठ्या गुरुजींनी नाही. मी.

‘‘जा,’’ मी म्हणाले. ‘‘बस झालं आज.’’

घरी आले. माय तूर निवडत बसली होती. मी चप्पल न काढता तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘‘माय, चौथीतलं माझं भाषण आठवतं का?’’

तिचे हात थांबले नाहीत. ‘‘न आठवायला काय झालं.’’

‘‘मग तू कधी बोलली काहून न्हाईस?’’

‘‘बोलून काय झालं असतं? दप्तर काढून घेतलं असतं. शाळा सुटली असती तुही.’’ सुपातले खडे तिने बाजूला केले. ‘‘मला वाटलं, माही काय ती अब्रू जाऊ दे. पोरगी शिकू दे.’’

मी रडायला लागले. ती जवळ घेईल असं मला वाटलं. तिने घेतलं नाही. तुरीत बोटं फिरवत ती म्हणाली,

‘‘तुह्या बानं बी ऐकलं व्हतं.’’

मला हे माहीत नव्हतं.

‘‘लिंबाच्या झाडामागं उभा व्हता. माह्या आधी आला व्हता. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. तुहं भाषण झालं तसा निघून गेला. त्या दिसापासून शाळेच्या रस्त्यानं कधी गेला न्हाई. मरेपर्यंत न्हाई. वढ्यानं फिरून यायचा.’’

ओढ्याने. मला आठवलं. बा घरी यायचा तेव्हा त्याचे पाय कायम चिखलाने भरलेले असायचे. आम्ही भावंडं समजायचो, पिऊन ओढ्यात पडला असेल. भाऊ त्याला चिखल्या म्हणायचा. मीही म्हणायची. आणि तो माणूस सरळ रस्ता सोडून, काट्याकुट्यातून, रोज फिरून येत होता. कारण रस्त्यावर शाळा होती आणि शाळेत त्याच्या लेकीने ते वाक्य म्हटलं होतं.

मी बाला माफ केलेलं नाही. मायच्या कपाळावर अजून खूण आहे. पण त्या चिखलाच्या पायांसमोर मला बसवेना आणि उठवेना असं झालं. तो मारायचा तेही खरं. तो धुतलेला सदरा घालून आला होता तेही खरं. माझ्या भाषणात एकच खरं होतं, तेही त्यांच्या सोयीचं.

त्या आठवड्यात मी लिहायला बसले. मुस्कानसाठी नाही. स्वतःहून, पहिल्यांदा. पहिलं पान लिहिलं आणि वाचलं तर तेच भाषण होतं. तीच लय, तेच थांबे, रडवायच्या त्याच जागा. फाडून टाकलं. परत लिहिलं, परत तेच. मला दुसऱ्या कोणत्या पद्धतीने बोलताच येत नव्हतं. शेवटी माय जशी बोलते तसं लिहायला लागले. जे झालं ते, झालं तसं. मायला वाचून दाखवलं. बाने लाकडाने मारलेलं मी गाळलं होतं, तिला बरं वाटावं म्हणून. ती म्हणाली,

‘‘मारायचा, ते लिव. ते कापू नको. माह्या डोक्यात बसलंय ते. पर बाटली कोण देयाचा, ते बी लिव. नावासकट.’’

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हणाले, ‘‘मुस्कान हे भाषण करणार नाही. मी लिहिलेलं मी परत घेते. दप्तर द्यायचं तर वर्गात द्या, सगळ्या लेकरांना देतात तसं.’’

ते आधी हसले. मग दार लोटून घेतलं. ‘‘मॅडम, पत्रिकेत छापून आलंय. बापूसाहेबांनी तुमाला काय दिलं न्हाई? तुमची मान्यता अजून अडकून पडलीय, इसरू नका.’’

खरं आहे. शिक्षक म्हणून माझी कायमची मान्यता अजून आलेली नाही, आणि ती त्यांच्या सहीशिवाय येत नाही. मी म्हणाले, ‘‘विसरले नाही.’’

‘‘मग दुसरं कुणी लिवंल.’’

‘‘लिहू दे. मी तिच्या घरी सांगणार आहे.’’

शाळा सुटल्यावर मी सरळ बाजारपेठेत गेले. मुस्कानचे वडील मशीनवर होते. सगळ्या दुकानात कापूस उडत होता. मला बघून त्यांनी मशीन बंद केली. आई कापड बाजूला करून उभी राहिली, मुस्कान तिच्याजवळच होती. मॅडम आल्या म्हणून दोघं खूश झाले. मुस्कान भाषण करणार हे त्यांना कळलं होतं. काय म्हणणार हे माहीत नव्हतं.

मी उभ्या उभ्या वाचून दाखवलं. सगळं. एक शब्द गाळला नाही.

वडिलांनी मिशीवरचा कापूस पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग विचारलं, ‘‘मेरे बारे में ये बोलनेवाली थी? सबके सामने?’’

‘‘हो.’’

‘‘किसने लिखा?’’

‘‘मी लिहिलं.’’

त्यांच्या बायकोने मुस्कानला हाताला धरून आपल्या मागे घेतलं. माझ्यापासून. तिने मला बसायला सांगितलं नाही. वडील एवढंच म्हणाले, ‘‘दप्तर हम लेके देंगे.’’ आणि मशीन सुरू केली. त्या आवाजात मी माफी मागितली. त्यांना ऐकू गेली की नाही, माहीत नाही. परत ओरडून सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यांनी मशीन बंद केली नाही.

ठीक आहे. माफी मिळावी म्हणून मी गेले नव्हते. ते भाषण त्या पोरीच्या तोंडात जाऊ नये म्हणून गेले होते. ते गेलं नाही. कार्यक्रम झाला, जेवणं झाली, आमदार आले. भाषण झालं नाही, कारण एवढ्या कमी वेळात दुसरं लेकरू तयार झालं नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. मी उत्तर देते आहे. तुम्ही वाचताय ते मी त्या उत्तराला जोडते आहे, बापूसाहेबांच्या नावासकट. नोकरी राहील की जाईल, सांगता येत नाही. भीती वाटते. वाटत नाही असं म्हणणं म्हणजे परत भाषण.

पण माझ्यानंतरच्या लेकरांचं काय? दरवर्षी एक. मी त्यांना ओळखते. एक पुण्याला सिक्युरिटीत आहे. एकाचा बाप त्याच भट्टीवर होता. एक माझ्या लगेच मागची, तिच्या आईला मी मावशी म्हणायची. त्या मावशीला त्या भाषणानंतर कुणी कामाला बोलवेना, संस्कार नसलेलं घर म्हणून. ती पोरगी आता सेनगाव तालुक्यात साखऱ्याला दिलेली आहे. तिला दोन लेकरं आहेत. तिचं भाषण पाठ करून घ्यायला गुरुजींनी मलाच बसवलं होतं.

उद्या रविवार. मी साखऱ्याला जाणार आहे. तिला विचारणार आहे, तुझ्या घरात खरं काय होतं ते सांग, मी लिहिते. ती शिव्या देईल. द्यायलाच पाहिजेत. दार लावून घेईल तर मी ओट्यावर बसेन. बोलली नाही तर पुढच्या रविवारी परत जाईन. तिच्यानंतर पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. आमच्या आईबापांबद्दल त्यांनी आमच्याच तोंडून जेवढं वदवून घेतलं, तेवढं सगळं मी परत लिहून काढणार आहे, आणि बाटली ज्या हातातून आली त्या हाताचं नाव प्रत्येक वेळी लिहिणार आहे.